'डिसअपॉइंटिंग' काढू की ठेवू?

गेल्या गुरुवारची गोष्ट. हापिसातून निघता निघता एक मेल टंकून ठेवला. विषय जुनाच. माझं ऑनसाइट तिसऱ्यांदा पुढे ढकललं गेलं. पहिल्यांदा कारण होतं बजेट फ्रीझ, दुसऱ्यांदा क्लायंटकडची उलथापालथ, आणि या खेपेला तर कारणसुद्धा नाही, नुसतंच 'लेट्स रीव्हिजिट इन द नेक्स्ट क्वार्टर'. मी मेलमध्ये लिहिलं होतं की हे माझ्यासाठी 'डिसअपॉइंटिंग' आहे. बास. आदळआपट नाही, राजीनाम्याची धमकी नाही. पाठवण्याआधी शेजारच्या मित्राला दाखवला. त्याने दोनदा वाचला आणि म्हणाला, "बाकी सगळं मस्त आहे रे, तेवढं 'डिसअपॉइंटिंग' काढ. आणि शेवटी एक थँक्स टाक."

मेल ड्राफ्टमध्ये ठेवून घरी आलो. रात्री जेवताना एकदम आठवलं की हाच वाद, याच शब्दावरून, आपण कुठेतरी वाचलाय. अमृतसरची काँग्रेस, डिसेंबर १९१९. हा शब्द काढा म्हणणारे होते गांधीजी. ठेवा म्हणणाऱ्या बाजूला चित्तरंजन दास आणि आपले लोकमान्य. झालं! वीकांत त्यातच गेला. त्यातून जे हाती लागलं ते मांडतोय. इतिहास हा काही माझा धंदा नाही, तेव्हा जाणकारांनी सांभाळून घ्यावं.

अमृतसरला पोचायचं तर आधी बरंच मागे जायला लागतं, कारण तो शब्द काही एका दिवसात तिथे आला नव्हता.

१८३३ च्या चार्टर कायद्यात सत्त्याऐंशी नंबरचं एक कलम होतं. धर्म, जन्मस्थान, वंश किंवा रंग एवढ्याच कारणावरून कुणाही हिंदी माणसाला कंपनीच्या नोकरीतली कुठलीही जागा नाकारली जाणार नाही, असं ते सांगत होतं. कागदावर झकास! मग १ नोव्हेंबर १८५८ ला राणीचा जाहीरनामा आला. त्यात तेच वचन पुन्हा, पण एक बारीकसा खटका ठेवून: 'सो फार ॲज मे बी'. जमेल तितपत. आमच्या धंद्यात याला 'सब्जेक्ट टु अव्हेलेबिलिटी' म्हणतात. तरीही लोकांनी या जाहीरनाम्याला हिंदुस्थानचा मॅग्ना कार्टा म्हटलं आणि पुढची साठ वर्षं भाषणाभाषणांतून तो नाचवला.

सनदी नोकरीची स्पर्धा परीक्षा १८५५ पासून लंडनला होऊ लागली. फक्त लंडनला. म्हणजे दार सगळ्यांना उघडं, फक्त ते समुद्रापलीकडे. १८६३ मध्ये सत्येंद्रनाथ टागोर त्या दारातून आत गेले. १८६९ ला एकदम चौघे पास झाले: रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्त, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि मुंबईचे श्रीपाद बाबाजी ठाकूर. पैकी शेवटच्या दोघांची नावं वयाच्या मुद्द्यावरून काढून टाकली. भानगड अशी की आपल्याकडे सोळावं लागलं की वय सोळा सांगायची पद्धत, आणि साहेब मोजणार पुरी झालेली वर्षं. हा आपला नेहमीचा ऑफ-बाय-वन एरर :) मोजायला शून्यापासून सुरुवात करायची की एकापासून! सुरेंद्रनाथ इंग्लंडातल्या कोर्टात गेले आणि दोघांनाही परत घ्यावं लागलं. पुढे १८७४ मध्ये सुरेंद्रनाथांना नोकरीवरून काढलंच, ती वेगळी कथा.

आणि मग १८७८ पासून परीक्षेची वयोमर्यादा एकवीसवरून एकोणीसवर आणली. म्हणजे कोवळ्या पोराने मायदेश सोडून, परक्या भाषेत, ग्रीक-लॅटिनचे मार्क असलेली परीक्षा एकोणिसाच्या आत काढायची. नियम सगळ्यांना सारखाच बरं का.

याच १८७८ साली व्हाइसरॉय लिटनने एक गुप्त टिपण लिहिलं. त्यात तो सरळ कबूल करतो की या लोकांना साफ मनाई करणं किंवा त्यांना फसवणं असे दोन रस्ते होते, आणि आपण त्यातला कमी सरळ रस्ता निवडला. आणि ही फसवणूक सांगायला तो उसना घेतो शेक्सपिअर. मॅकबेथमध्ये शेवटी राजाला कळतं की चेटकिणींनी आपल्याला दिलेला शब्द अक्षरशः पाळला गेला, पण आपण जी आशा धरली होती तिचा मात्र चुराडा झाला. कानापुरतं वचन खरं, मनापुरतं खोटं. लिटन हा टोपणनावाने कविता छापणारा गृहस्थ, त्याला ही उपमा सुचावी यात नवल नाही. नवल पुढे आहे. हे गुप्त टिपण दादाभाई नौरोजींच्या हाती लागलं आणि त्यांनी ते आयुष्यभर सोडलं नाही. जिथे संधी मिळेल तिथे तुमच्याच व्हाइसरॉयने काय लिहिलंय ते पहा, म्हणून ते साहेबापुढे धरत राहिले.

मला इथे पहिली गोष्ट उमगली. आपण आज हापिसात 'सेम ओल्ड स्टोरी' म्हणतो ते सवयीने. या मंडळींचं इंग्रजी तसं नव्हतं. वचन इंग्रजीत दिलं गेलं होतं, म्हणून तक्रारही इंग्रजीतच, आणि शक्यतो त्यांच्याच म्हणींत आणि दाखल्यांत. ऋणको ज्या भाषेत सही करतो त्याच भाषेत वसुलीची नोटीस पाठवायची. दादाभाईंच्या १९०१ च्या पुस्तकाचं नावच बघा, त्यात दारिद्र्य आहे आणि 'अन-ब्रिटिश' राज्य आहे. तुमचं राज्य वाईट आहे असं ते म्हणत नाहीत. ते तुमच्यासारखं नाही असं म्हणतात! आता याला उत्तर काय देणार? एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवलेला माणूस, सिद्धता प्रतिपक्षाच्याच गृहीतकांवर उभी करायची हे त्यांच्या हाडात असणार.

या भाषणांमधून फिरताना दुसरा एक शब्द सारखा आडवा येतो, 'डेड लेटर'. पुस्तकात आहे पण अमलात नाही असा कायदा. मला आधी वाटलं की पोस्टातल्या बेवारस पत्रांवरून आला असणार, पण कायद्यातला अर्थ पोस्टाच्या आधीचा आहे. (आमच्याकडे मेसेजिंग सिस्टिममध्ये डेड लेटर क्यू असते. पोचू न शकलेले मेसेज तिथे जाऊन पडतात आणि कुणीतरी बघेल या आशेवर महिनोन्महिने राहतात. नाव ठेवणाऱ्याला दंडवत!) १८३३ चं ते कलम म्हणजे असंच डेड लेटर.

त्यातलं सगळ्यात मोठं उदाहरण १८९३ चं. दादाभाई आदल्याच वर्षी लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून अवघ्या पाच मतांनी पार्लमेंटवर निवडून आले होते. २ जून १८९३ ला कॉमन्स सभेत ठराव आला की सनदी परीक्षा लंडनबरोबर हिंदुस्थानातही घ्यावी. आणि तो चक्क पास झाला, ८४ विरुद्ध ७६! इकडे आनंदाला पारावार राहिला नसेल. पण हिंदुस्थान सरकारने अडचणी सांगितल्या, आणि ठराव गेला डेड लेटर क्यूमध्ये. हिंदुस्थानात ती परीक्षा प्रत्यक्ष सुरू झाली १९२२ ला. म्हणजे एकोणतीस वर्षं. माझं वय आहे तेवढी.. दादाभाई त्याआधीच १९१७ मध्ये गेले.

१९०६ च्या कलकत्ता काँग्रेसचे ते अध्यक्ष होते, वय एक्क्याऐंशी. त्या भाषणात ते एका ठिकाणी म्हणतात की माझ्या वाट्याला इतक्या निराशा आल्या की कुणाचंही काळीज फुटावं, माणूस हताश व्हावा, आणि मला भीती वाटते, बंडसुद्धा करून उठावा. मग लगेच सांगतात की मी मात्र हताश झालो नाही. ती ओळ मी दोन-तीनदा वाचली. पन्नास वर्षं सभ्य इंग्रजी लिहिणाऱ्या माणसाच्या तोंडून 'बंड' हा शब्द निसटतो, आणि तोही 'भीती वाटते' असं म्हणत..

शुक्रवारी रात्री गावी फोन केला तेव्हा आजी मध्येच लाइनवर आली. "काय रे, तुझं परदेशाचं काय झालं?" मी म्हटलं, "अगं, डिफर झालंय." "म्हणजे?" "म्हणजे पुढच्या तिमाहीत बघू म्हणालेत." आजी म्हणाली, "म्हणजे कोपराला गूळ." आणि फोन बाबांकडे दिला.

विषय संपला! कोपराला लावलेला गूळ दिसतो, वास येतो, आणि जीभ पोचत नाही. लिटनला जे सांगायला शेक्सपिअर लागला ते आजीने दोन शब्दांत उरकलं. तोंडाला पानं पुसणं, येरे माझ्या मागल्या, आपल्याकडे या मालाचा तुटवडा कधीच नव्हता. मग ज्यांना या म्हणी येत होत्या ते काय करत होते? ते होतेच की. शि. म. परांजप्यांनी मॅकबेथ मराठीत 'मानाजीराव' म्हणून आणला, आणि 'काळ'मधून अशी तिरकी स्तुती लिहिली की वाचणाऱ्याला सगळं कळावं आणि सरकारी भाषांतरकाराने डोकं धरावं. अर्थात सरकारलाही शेवटी कळलंच. १९०८ मध्ये राजद्रोहाखाली शिक्षा झाली. 'डेड लेटर' म्हणणाऱ्या इंग्रजी भाषणांवर सरकार जांभई देत होतं. तेच मराठीत, चौकात वाचलं जाईल असं लिहिलं की तुरुंग.

आता १९१८. मॉंटेग्यू-चेम्सफर्ड अहवाल जुलैमध्ये बाहेर आला. त्याच्या आदल्या वर्षी मॉंटेग्यूसाहेबांनी टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देऊ असं जाहीर केलेलं, महायुद्धात लाखो हिंदी शिपाई लढलेले, त्यामुळे अपेक्षा आभाळाला टेकलेल्या. हातात आली ती द्विदल राज्यपद्धती. शिक्षण, आरोग्य, शेती तुमच्या मंत्र्यांकडे. तिजोरी आणि पोलीस आमच्याकडे. म्हणजे मोड्यूल तुमचं, पण ॲडमिन पासवर्ड आमचा. 'केसरी'ने मथळा दिला: उजाडले, पण सूर्य कोठे आहे? टिळकांची ही ओळ पुढे इंग्रजीत 'सनलेस डॉन' म्हणून फिरली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी अशी उपमा बघितली जी मराठीतून निघून इंग्रजीत गेली, उलट नाही.

इंग्रजी ठराव मात्र आपल्या चालीने चालला होता. ऑगस्ट-सप्टेंबरात मुंबईला खास अधिवेशन भरलं, तिथे या योजनेला 'डिसअपॉइंटिंग अँड अनसॅटिसफॅक्टरी' म्हटलं. पुढच्या वर्षअखेर अमृतसरला दासबाबूंच्या ठरावात त्याचे तीन झाले, 'इनॲडिक्वेट, अनसॅटिसफॅक्टरी अँड डिसअपॉइंटिंग'. अपुरं, असमाधानकारक आणि निराशाजनक.

जागा लक्षात घ्या. अमृतसर. आठ महिन्यांपूर्वी, १३ एप्रिलला, याच गावात जालियनवाला बाग झाली होती. अध्यक्ष मोतीलाल नेहरू. नवा कायदा नुकताच मंजूर झालेला, राजाचा माफीचा जाहीरनामा आलेला, अली बंधू सुटून थेट मांडवात आलेले. आणि अशा ठिकाणी गांधीजी उठतात आणि दुरुस्ती मांडतात की यातला 'डिसअपॉइंटिंग' हा शब्द काढा, आणि मॉंटेग्यूसाहेबांचे आभार माना!

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला चीडच आली होती. सेम टू सेम माझ्या क्यूबिकलवाल्या मित्राचा सल्ला. पण या वेळी त्यांचा युक्तिवाद नीट वाचला. ते म्हणतात, मला आंबलेला पाव मिळाला तर मी तो परत करतो, खात नाही. पण पाव चांगला आहे, फक्त पुरेसा नाही, त्याला तोंडीलावणं कमी आहे, तर मी तो घेतो आणि बाकीचं नंतर मिळवतो. मग त्याला निराशाजनक कसं म्हणू? म्हणजे त्यांचं म्हणणं शब्द सौम्य करा असं नव्हतंच. निराश झाला असाल तर घेऊ नका. घेणार असाल तर कुरकुरू नका.

ही गोष्ट मला कुणी आधी सांगितली नव्हती. 'डिसअपॉइंटिंग' हा शब्द गांधीजींना कडक वाटत नव्हता. त्यांना तो महाग वाटत होता. काँग्रेस तेव्हा चौतीस वर्षांची, आणि दरसाल नाताळच्या सुट्टीत जमून 'खेद', 'निराशा' अशी नाणी इतकी वापरली होती की ती गुळगुळीत झाली होती. दरवेळी निराश व्हायचं आणि दरवेळी पुढच्या वर्षी भेटायचं.

दास आणि टिळकांची बाजूही पटते. टिळकांचं धोरण प्रतियोगी सहकारितेचं. जे मिळालं ते घ्यायचं, वापरायचं, पण पावतीवर लिहून ठेवायचं की रक्कम कमी आहे. नाहीतर उद्या समोरचा म्हणणार, तुम्ही तर खूश होतात! शब्द खोडलात तर थकबाकीच खोडलीत. सिस्टिमच्या भाषेत सांगायचं तर टिळक म्हणतात लॉग लिहा, गांधीजी म्हणतात नुसते लॉग लिहून काय होतं, एक्सेप्शन टाकायचं तर टाका.

शेवटी जयरामदास दौलतरामांनी गांधीजींना तडजोडीची चिठ्ठी दिली. टिळक म्हणाले, दासांना चालत असेल तर माझी हरकत नाही. दासांनी बिपिनचंद्र पालांकडे पाहिलं. आणि जमलं! 'डिसअपॉइंटिंग' राहिला, आणि मॉंटेग्यूंचे आभारही आले. दोन्ही एकाच ठरावात.

सात महिन्यांनी, १ ऑगस्ट १९२० ला, टिळक गेले. त्याच दिवशी गांधीजींनी आपलं कैसर-ए-हिंद पदक व्हाइसरॉयला परत पाठवलं आणि असहकार सुरू केला. पाव आंबलेला निघाला होता.

आता चेक. हा भाग बाबांमुळे आला. बाबा बँकेतून रिटायर झालेत, आणि आजीचा कोपराचा गूळ झाल्यावर ते म्हणाले, "तुझा पोस्ट-डेटेड चेक आहे झालं." हा शब्दप्रयोग क्रिप्सच्या वेळचा. मार्च १९४२. सिंगापूर पडलं, रंगून पडलं, आणि सर स्टॅफर्ड क्रिप्स दिल्लीत प्रस्ताव घेऊन आले की युद्ध संपल्यावर वसाहतीचं स्वराज्य, घटना समिती वगैरे. आत्ता काय? आत्ता मदत करा. या प्रस्तावाला गांधीजींनी पुढच्या तारखेचा चेक म्हटलं असं सगळीकडे वाचायला मिळतं, आणि 'बुडत्या बँकेवरचा' हे शेपूट कुणा वार्ताहराने मागून चिकटवलं असं म्हणतात. ज्याने चिकटवलं त्याला आपला वाचक माहीत होता. १९०६ मध्ये मद्रासची आर्बुथनॉट बुडाली, १९१३ मध्ये लाहोरची पीपल्स बँक आणि मुंबईची इंडियन स्पेसी बँक. ज्यांची पुंजी गेली ती माणसं हयात होती. उपमा इंग्रजी, पण पोळलेला हात देशी.

बाबांनी जाता जाता माहितीही पुरवली, त्यांना राहवत नाही. चेक न वटणं हा गुन्हा ठरवणारं १३८ कलम १९८८ च्या दुरुस्तीने आलं, कायदा मूळ १८८१ चा. "म्हणजे क्रिप्सवर खटला चालला नसता," असंही म्हणाले. चेकची मुदत पूर्वी सहा महिने असायची, २०१२ पासून तीन. एक क्वार्टर! मी म्हटलं, बाबा, पुरे आता.

हीच उपमा एकवीस वर्षांनी वॉशिंग्टनमध्ये पुन्हा दिसते. २८ ऑगस्ट १९६३ ला मार्टिन ल्यूथर किंग म्हणाले की अमेरिकेने आपल्या काळ्या नागरिकांना दिलेला चेक खात्यात पैसे नाहीत म्हणून परत आला आहे, आणि न्यायाची बँकच बुडाली हे मानायला आम्ही तयार नाही. पुन्हा तेच, वचन ज्यांच्या घटनेत लिहिलंय त्यांच्याच हिशेबाच्या भाषेत वसुली. दादाभाईंना हे भाषण आवडलं असतं.

असो. रविवारी रात्री ड्राफ्ट परत उघडला. मित्राचं ऐकून शेवटी थँक्स टाकलं, मॅनेजरने खरंच दोनदा माझं नाव पुढे केलं होतं. 'डिसअपॉइंटिंग' ठेवला. त्याच्या आधी 'थर्ड टाइम' घातलं आणि तिन्ही तारखा लिहिल्या. आणि खाली एक वाक्य वाढवलं, की पुढच्या क्वार्टरलाही नाही झालं तर मी दुसऱ्या टीममध्ये अर्ज करेन. ते वाक्य टंकताना हात जरा थांबला, कारण त्यानंतर खरंच करावं लागणार.

सोमवारी अकरा वाजता उत्तर आलं. दोन ओळी. पहिलीत 'ॲप्रिशिएट युअर पेशन्स'. दुसरीत 'वी विल ट्राय अवर बेस्ट, ॲज फार ॲज पॉसिबल'.

मी मित्राला फॉरवर्ड केला आणि वर लिहिलं, राणीचा जाहीरनामा आला. त्याने विचारलं, कोण राणी?